निळीच्या रांजणापासून लांब

मला तार करून बोलावलं की समजावं, कुणाकडे तरी बाळंतपण आहे, नाहीतर कुणीतरी अंथरुणाला खिळलं आहे. पन्नाशीपर्यंतचे माझे सगळे प्रवास या दोन कारणांनी झाले. देवदर्शन, हवापालट असल्या गोष्टी लोक करतात असं ऐकून आहे. मी गेले ती डिंक, आळीव आणि सुंठ बांधून घेऊनच गेले. त्यामुळे जयपूरहून शालूची, माझ्या धाकट्या बहिणीची, 'ताई लगेच निघ' एवढीच तार आली तेव्हा मी सवयीनं डबे काढले. शालूला दिवस असल्याचं मात्र कुणी कळवलं नव्हतं. सहासष्ट साल असावं. होळी नुकतीच झाली होती आणि अकोल्यात ऊन तापायला लागलं होतं.

"जा तुम्ही आई, मी बघते घरचं," सून म्हणाली. कुसुम तिचं नाव. तिच्या मांडीवर तान्हं, पाठीला दोन वर्षांचा लोंबलेला, आणि ती घरचं बघणार! गल्लीतल्या सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई दोनदा तिच्याकडे येऊन लूपबद्दल (दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात तो) बोलून गेल्या होत्या, तो विषय मी आल्यावर बघू म्हणून ठेवला. यजमानांना लोणच्याची बरणी कुठे आहे ते तिसऱ्यांदा सांगितलं आणि निघाले.

अकोल्याहून छोट्या गाडीनं खांडवा, तिथून रतलामवरून अजमेर, अजमेरहून जयपूर. छोटी गाडी म्हणजे रूळ अरुंद, डबे अरुंद, बाकंही अरुंद. फक्त प्रवास तेवढा लांबरुंद. इंजिनाची कोळशाची बुकणी डोळ्यांत जाते, ती काढेपर्यंत पुढचं स्टेशन येतं. रतलामला मी पोहे घेतले, त्यात शेव जास्त आणि पोहे कमी. चित्तोडला पाणी प्यायला उतरले आणि गाडी हलली म्हणून धावत चढले. या वयात धावल्यावर पुढचा तासभर पोटऱ्या बोलत होत्या.

अजमेरनंतर बायकांच्या डब्यात एक गावकरीण चढली. हातभर चुडा, नाकापर्यंत ओढणी, मांडीवर गाठोडं. थोडा वेळ माझ्या लुगड्याचा काष्टा निरखून तिनं विचारलं, "कतरा टाबर छै?" (किती लेकरं आहेत?)

"पाच," मी बोटं दाखवली.

"म्हारै सात हुया. चार छै." (मला सात झाली. चार आहेत.) गाडीला आज उशीर आहे म्हणावं, तशा सुरात ती बोलली. मग तिनं गाठोडं सोडून बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी माझ्या हातावर ठेवली. चटणी इतकी जहाल की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं मी तिच्या तिघांसाठी रडते आहे, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. मी तो गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर तोवर थोडं रडूही आलंच होतं.

जयपूरला वसंतराव, शालूचे यजमान, उतरवून घ्यायला आले होते. विमा कंपनीत अधिकारी, दर तीन वर्षांनी बदली. माणूस सज्जन, पण घरातल्या बायकांचं काही दुखलं-खुपलं की त्यांना जमिनीवरच्या मुंग्या दिसायला लागतात. टांग्यात बसल्यावर मी विचारलं, "शालूला काय झालंय?"

"आता बरं आहे," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तो पाहा ताई, चांदपोल दरवाजा."

मी दरवाजा पाहिला. या गावाला गुलाबी म्हणतात. मला तो रंग आपल्या गेरूचा वाटला, चुलीमागची भिंत सारवतात तसला. सरळ रुंद रस्ते, एका उंचीची दुकानं, वर जाळ्यांच्या खिडक्या आणि मधूनच एखादा उंट, कुणाचं काही देणं नसल्यासारखा चाललेला. दुसऱ्या कुठल्या वेळी मला ते फार आवडलं असतं.

बनीपार्कातल्या घरी दारातच शालूची मोठी मुलगी अंजू भेटली. या मुलीचं मराठी निम्मं शाळेतल्या हिंदीत भिजलेलं. "मावशी, आईची तब्येत खराब आहे. मतलब, ताप नाही, पण तिला उठायचं नाही."

शालू भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी उंबऱ्यावरूनच पाळणा शोधला. पाळणा नव्हता.

"अगं, बाळ कुठाय? की अजून वेळ आहे?"

"बाळ नाही ताई," ती म्हणाली. "सफाई करून घेतली."

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा गर्भ पाडणं हा सरळ गुन्हा होता. करणारीला आणि करवून घेणारीलाही. पण शालूला तीन मुलं झालेली, तिसऱ्या वेळी जीव जाता जाता वाचलेली. ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंचा खासगी दवाखाना होता. दुपारी जाऊन संध्याकाळी ती टांग्यानं घरी आली.

"रक्त जात होतं का गं?" मी विचारलं.

"नाही. पण आपोआप पडत होतं म्हणून साफ करावं लागलं, असं म्हणायचं असतं. डॉक्टरीणबाईंनीच शिकवलं. सगळ्याजणी तेच म्हणतात."

मी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेले. मला आता कशाचा धक्का बसत नाही, फक्त दमायला होतं. डिंक तळला, लाडू वळले, अकोल्याहून नेलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी थापली. शालू खाऊ लागली. चार दिवसांत तिच्या गालांवर रंग आला.

पण ती धड बोलत नव्हती. बघायला शेजारणी येत, म्हणजे त्या गावातल्या आपल्याच मराठी बायका. बँकेतल्या साहेबांच्या पत्नी, त्यांना सगळे बँकवाल्या वहिनी म्हणत, आणि कॉलेजातल्या प्रोफेसरांच्या पत्नी. दोघी सुपाचा डबा घेऊन आल्या. काय झालं ते दोघींना ठाऊक होतं आणि दोघी 'तब्येत' एवढाच शब्द वापरत होत्या. या मंडळींचं एक महिला मंडळ होतं. ते डॉक्टरांच्या पथकाबरोबर आसपासच्या गावांत जाऊन लूपचा प्रचार करी, आणि शालू त्यात पुढे असे.

"आता पुढचं शिबिर घ्यायचं की नाही तेच कळत नाही," बँकवाल्या वहिनी म्हणाल्या. "बगरूला काय झालं पाहिलंत ना? छीपांच्या बायकांनी लूप बसवले आणि महिन्याभरात दाईकडून काढून टाकले. त्यांच्यात नाहीच चालत हे. आणि मुसलमानांच्या मोहल्ल्यात तर विचारूच नका. शेवटी जातीजातीत फरक असतोच. आपल्यात बघा, दोन, फार तर तीन."

"आपल्यात म्हणजे कुणात?" मी म्हणाले. "मला पाच आहेत बाप्पा. आणि आमच्या आईला अकरा झालो."

"तुमचा काळ वेगळा होता," प्रोफेसरीणबाई गोड हसून म्हणाल्या. मी सूप ओतून घेऊन डबा घासून परत दिला. एवढा वेळ शालू चादरीचा काठ पिळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी वसंतरावांनी मला बळेच आमेरचा किल्ला दाखवायला नेलं. मला वाटतं शालूच्या उशाशी बसायचं त्यांना जड जात होतं. चढ चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि राजेरजवाड्यांच्या त्या महालातून मी एक चप्पल हातात धरून अनवाणी फिरले. आरशांचा महाल पाहिला. वाटाड्या सांगत होता, एक दिवा लावला की छतात हजार दिसतात. मला त्या हजार आरशांत हजार दमलेल्या बायका दिसल्या आणि मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. खाली दाल-बाटी खाल्ली. बाटी (भाजलेला कणकेचा गोळा) तुपात बुडवून देतात; चवीला उत्तम, पण संध्याकाळपर्यंत पोटात दगड ठेवल्यासारखं वाटत राहतं.

परत आलो तर शालू पलंगावर उठून बसलेली होती. "ताई, माझं एक काम कर," ती म्हणाली. "बगरूला जाऊन केसरला पाहून ये."

केसर ही बगरूची छीपीण. छीपा म्हणजे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारी जमात. बगरूत त्यांची गल्लीच्या गल्ली आहे. सासूबरोबर ती जयपुरात बंगल्या-बंगल्यांतून छापील कापड विकायला यायची, त्यात शालूची ओळख झाली. वय पंचविशीचं, मुलं पाच. शालूनंच तिला शिबिरात लूप बसवायला लावला. सासू आडवी आली, तेव्हा शालूनंच सासूला समजावलं.

"मग तिनं काढला तो?"

"काढला. काहून काढला ते मला मागाहून कळलं." शालू सांगू लागली. लूप बसवल्यावर पुष्कळ बायकांना रक्त जास्त जातं, जास्त दिवस जातं. शालूच्या ओळखीतल्या कितीतरी मराठी बायकांनी बसवला होता, त्यांनाही गेलं. पण त्यांच्या घरात न्हाणीघर, नळ, आणि बाजूला बसणं कधीच सुटलेलं. नवऱ्यालासुद्धा पत्ता लागत नाही. केसरच्या घरी अंगणात निळीचा रांजण आहे, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. विटाळशी बाई त्याच्याजवळून गेली तर नीळ मरते, कापडावर रंग चढत नाही, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्यामुळे त्या दिवसांत बाईनं अंगणापलीकडच्या कोठडीत राहायचं. लूप बसवल्यावर केसरचा निम्मा महिना कोठडीत जायला लागला. छपाईची माती मळायला ती नाही, कापड धुवायला ती नाही, चुलीपाशी ती नाही. सासू दिवसभर बोलायची आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक, आज केसर कुठे बसली आहे. म्हणून तिनं गुपचूप दाईकडून लूप काढून घेतला, आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

"आणि पुन्हा दिवस गेले," मी म्हणाले.

शालूनं मान हलवली. "होळीच्या आधी आली होती. सासू ओसरीवर कापड मोजत होती, तेव्हा आत येऊन माझे पाय धरले. म्हणाली, बाईसा, तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांगून मला मोकळी करा. मी तिला म्हटलं, तो गुन्हा आहे, पाप आहे, असलं मनात आणू नकोस." तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "मला तेव्हा माझं स्वतःचं नुकतंच कळलेलं होतं ताई. तिला असं सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मी स्वतः जाऊन आले. होळीनंतर ती कापड घेऊन येणार होती. आली नाही."

मला तिचा राग आला. तिच्यासाठी मुगाची खिचडी टाकायची होती, ती मी त्याच रागात टाकली. खिचडी खाली लागली आणि तिनं ती मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी वसंतराव आणि मी चांदपोलहून बस धरली. नेमका त्या दिवशी बासोडा होता. बासोडा म्हणजे यांची शीतळा. आदल्या दिवशी रांधलेलं शिळं, गार खायचं, घरात चूल पेटवायची नाही. आणि लेकरांना देवी निघू नयेत म्हणून चाकसूच्या टेकडीवर शीतळामातेच्या जत्रेला जायचं. उलट्या दिशेनं येणाऱ्या बसगाड्यांच्या टपांवरसुद्धा माणसं होती. रंगीत ओढण्या, डोक्यावर झाकलेल्या टोपल्या. आमची बस मात्र रिकामी. वसंतरावांनी वाटेत मला हवामान, पीकपाणी, विम्याचा हप्ता, सगळं सांगितलं. केसरचं नाव काढलं नाही.

बगरूला गावाबाहेरच कापड दिसायला लागतं. मोकळ्या मैदानात वाळत घातलेलं, काळं, तांबडं, निळं. वर वाळू उडत असलेली. गल्लीत एरवी ठशांची ठकठक चालते म्हणे. त्या दिवशी सगळं शांत होतं, लोक जत्रेला गेलेले. केसरचं घर विचारत गेलो. वसंतराव बाहेर कट्ट्यावर बसले, कारण परका पुरुष आत जाऊ शकत नव्हता. सासू एकटीच घरी होती. म्हातारी काटक, हाताची बोटं काळ्या-निळ्या रंगानं कायमची माखलेली. शालूचं नाव सांगितल्यावर तिनं माझं तोंडभरून स्वागत केलं. मला राबडी दिली (आपली दुधाची नव्हे, ताकात शिजवलेलं बाजरीचं पातळ), अर्थातच गार.

"केसर?" मी विचारलं.

"वा तो न्यारी बैठी छै," (ती बाजूला बसली आहे) म्हातारीनं अंगणापलीकडे हात केला. मग तिनं हसत आपल्या हिंदीत समजावलं. "लूपचं रक्त आहे. आधीही जायचं, मधे बरं होतं, आता पुन्हा सुरू झालं. होळीपासून बसली आहे. बसवला तेव्हा मी फार आरडाओरड केली होती, तेव्हा तुमच्या शालूबाईसांनी मला समजावलं, खून जायेगा, घबराना मत. या खेपेला मी अवाक्षर बोलले नाही बघा. भाकरी-पाणी उंबऱ्यावर ठेवते."

मी हातातली वाटी खाली ठेवली. रांजणाला वळसा घालून पलीकडे गेले.

कोठडीला खिडकी नव्हती. दारातच तो वास आला. बाळंतिणींच्या खोल्यांत माझं आयुष्य गेलं आहे. हा वास मी दोन वेळा घेतला होता आणि दोन्ही वेळा त्या घरातून आम्ही पोरकं बाळ उचलून आणलं होतं. केसर गोधडीवर कुशीवर पडली होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. नखं पाहायला हात उजेडात धरला, पण नखं निळीनं रंगलेली, त्यावरून काही कळेना. पापणी खाली ओढून पाहिली, आत पांढरं फटक.

"दाईकडे गेली होतीस?" मी माझ्या अकोल्याच्या हिंदीत विचारलं.

तिनं डोळे उघडले. माझं लुगडं बघितलं, आणि शालूची कुणीतरी आहे हे तिला समजलं असावं. "सासूजी नै मत कहज्यो," (सासूबाईंना सांगू नका) एवढंच ती म्हणाली.

बस यायला अवकाश होता आणि आली तरी जत्रेनं भरलेली असणार. वसंतरावांना मी कट्ट्यावरून उठवलं आणि काय झालं आहे ते सरळ, एकही शब्द न झाकता सांगितलं. ते पांढरे पडले. पण मुंग्या बघत बसले नाहीत. धावत जाऊन त्यांनी कापडाचे गठ्ठे वाहणारा एक ट्रक थांबवला. सासूला मी म्हटलं, ताप आहे, मोठ्या दवाखान्यात नेते, तुम्ही चला. केसरला हात लावायला म्हातारी अजून बिचकत होती, कारण संध्याकाळी तिलाच नीळ ढवळायची होती. मी तिच्यावर ओरडले. मग तिनं सुनेला पायांकडून उचललं, मी डोक्याकडून.

गठ्ठ्यांवर केसरला निजवलं. रस्ताभर मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले आणि म्हातारी पदरानं तिच्या तोंडावरची वाळू पुसत राहिली. पहिल्यांदा शालूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, कारण तेच जवळ होतं. त्या बाहेर आल्या, ट्रकमध्ये डोकावल्या आणि खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "ही पोलिसकेस आहे. मी हिला हात लावू शकत नाही. मोठ्या दवाखान्यात न्या." बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी दार लावलं, तरी पडद्याआड उभं राहून ट्रक जाईपर्यंत बघत होत्या. तिथल्याच आतल्या टेबलावर शालूचं काम झालं होतं.

मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळं आलेली. केसरला आत घेताना तिनं मला विचारलं, "दाई ने कुछ किया है?" शेजारी दाराशी पोलिस शिपाई स्टुलावर बसला होता. केसरनं माझं बोट धरलं होतं.

"नहीं," मी म्हणाले. "अपने आप गिर गया. भारी मटका उठाया था."

म्हणायचं असतं ते मी म्हटलं. शालूला जे वाक्य मिळालं ते हिला का मिळू नये? डॉक्टरिणीनं माझं काठाचं लुगडं, चष्मा, सोबत उभे असलेले सुटातले वसंतराव पाहिले. खोटं तिला कळलं होतं. "समझ गई, माजी," ती म्हणाली, शिपायाकडे पाठ केली आणि कामाला लागली. तिनं तिचं सगळं केलं. वसंतरावांनी रक्त दिलं. सुई टोचताना ते पहिल्यांदाच माझ्याशी शालूबद्दल बोलले. "ताई, तिलाही असं काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" मी म्हटलं, "तुम्ही तिला वेळेवर नेलं होतं. बोलू नका, पडून राहा."

संध्याकाळी केसरचा नवरा निरोप मिळून जत्रेतून परस्पर आला. हातात शीतळेचा प्रसाद आणि धाकट्याला घेतलेली मातीची शिटी. तो नुसता बायकोच्या निळ्या नखांवरून अंगठा फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसर गेली.

व्हरांड्यात म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. सगळं तिला कळलं होतं, लूपचं आणि दाईचं. ती रडत नव्हती. मी शेजारी बसले. सांत्वनाचे जे शब्द असतात ते मला हिंदीत येत नव्हते आणि मराठीत आठवत नव्हते. तीच बोलली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता.

"थे ही तो बोल्या छा, घबराज्यो मती," ती म्हणाली. (तुम्हीच तर म्हणाला होतात, घाबरू नका.) "म्हे घबराया कोनी." (आम्ही घाबरलो नाही.)

ते मी म्हटलं नव्हतं, शालूनं म्हटलं होतं. पण तिच्या लेखी आम्ही सगळ्या एकच, आणि तिचं बरोबर होतं. मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

शालूला मी घरी येऊन सांगितलं. लपवावं असं वसंतरावांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. लपवालपवीनं मी थकले होते. तिनं उशीत तोंड खुपसून आक्रोश केला, अंजू दारात येऊन उभी राहिली, तिला मी बाहेर नेलं. संध्याकाळी बँकवाल्या वहिनी आल्या आणि हळहळून म्हणाल्या, "काय करणार, या लोकांत दाईशिवाय दुसरं काही मानतच नाहीत." तेव्हा शालू पलंगावरून पहिल्यांदा उठली.

"ती माझ्याकडे आली होती वहिनी," ती म्हणाली. "दाईकडे नंतर गेली."

पुढे मी आठवडाभर राहिले. हवामहाल पाहायचा राहिला. टांग्यातून जाताना दिसला तेवढाच. निघायच्या दिवशी शालू हट्टानं स्टेशनवर आली. तिच्या अंगावर केसरच्या घरचं छापील लुगडं होतं, काळ्या-तांबड्या फुलांचं. गाडी हलताना ती म्हणाली, "ताई, मी बगरूला जाणार आहे. त्या म्हातारीनं हाकललं तरी जाणार." मी म्हटलं, "जा. पण समजावायला जाऊ नकोस." ती गाडीबरोबर चालत राहिली, मग फलाट संपला.

परतीच्या वाटेत तीच बुकणी, तीच अरुंद बाकं. फुलेरा स्टेशनापर्यंत डब्यात कुणी काही विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं. झोप येत नव्हती. शालू आणि केसर, दोघींना एकाच महिन्यात कळलं होतं. दोघींना नको होतं आणि दोघींना त्याच डॉक्टरीणबाईंचं दार हवं होतं. एकीला मी डिंकाचे लाडू केले. दुसरीच्या उंबऱ्यावर गार भाकरी होती. मी शिकलेली नाही फारशी, जातीजातीतला फरक वगैरे मला समजावून सांगता येणार नाही. पण एवढं पाहिलं की मन दोघींचं सारखंच होतं. फरक होता तो घराच्या भिंतींत आणि दवाखान्याच्या दारात.

अकोल्याला उतरले तेव्हा उन्हानं डांबर वितळत होतं. घरी पोचते तो ओसरीवर नर्सबाई बसलेल्या, समोर कुसुम, मांडीवर तान्हं. मी नसताना तिनं दवाखान्यात जाऊन लूप बसवून घेतला होता. विचारायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच ठरवलं म्हणे. माझी त्याला ना नव्हती. नर्सबाई पिशवी खांद्याला लावून उठत होत्या.

"सुरुवातीला थोडं जाईल हो," त्या कुसुमला सांगत होत्या, "घाबरायचं नाही."

मी अजून बूड टेकलं नव्हतं. वळकटी दारातच ठेवली आणि वाट अडवून उभी राहिले.

"घाबरायचं केव्हा, ते सांगा," मी म्हणाले.

"अहो, घाबरण्यासारखं काही नसतं आई."

"असतं. किती गेलं म्हणजे घाबरायचं, ताप आला तर काय करायचं, कुणाकडे यायचं, आणि नको झालं तर काढून द्यायला तुम्ही आहात की नाही, ते हिला सांगा. माझ्या देखत सांगा. त्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

नर्सबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा बसल्या. कुसुम सरकून त्यांच्याजवळ गेली. मी हातपाय न धुताच आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि त्या काय सांगतात ते दारातून ऐकत उभी राहिले.